मांडीएवढा रस्ता

"अरे, आत घेतोस की नाही?" मुकादमानं हातातली काठी रोलरच्या चाकावर आपटली. "मुरूम पसरून कधीचा पडलाय, आणि तू रुसलेल्या जावयासारखा गल्लीच्या तोंडाशी बसून राहिलायस."

लांबू रोलरच्या सीटवर बसून समोरच्या गल्लीकडं बघत होता. गल्ली त्याचीच होती.

"जड जात असेल तर उतर खाली," मुकादम जरा नरमाईनं म्हणाला. "दुसऱ्याला बसवतो. त्यात लाज कसली?"

"दुसरा नको. नळाचे पाइप दारांपुढं उघडेच पडलेत. एखादा फुटला तर बोंब माझ्याच नावानं होईल."

कारण खरं होतं, पण तेवढंच नव्हतं. दुसऱ्या कुणी आपलं दार बुजवायचं आणि आपण बाजूला चहा पीत उभं राहायचं, हे लांबूला सोसलं नसतं. त्यानं गिअर टाकला. रोलर थरथरला आणि सावकाश गल्लीत शिरला.

एरवी रोलर आला की माणसं हौसेनं बघायला जमतात. आज मात्र दारादारात उभ्या असलेल्यांचे हात कमरेवर होते. समोरच्या खोलीत शिवणकाम करणारी बाई सगळ्यांत पुढं होती, आणि तिचं तोंड तिच्या मशीनपेक्षा जोरात चालायचं.

"या, लांबूभाऊ, या! आणलात एकदाचा रस्ता! आता तो आमच्या डोक्यावरूनच न्या, म्हणजे झालं."

लांबूनं नजर रोलरच्या लोखंडी चाकावरच ठेवली. त्याच्या दारात त्याची बायको बसली होती. गुडघे दुमडत नसल्यानं ती पाय लांब करून उंबऱ्यावर बसायची, आणि आज ते पाय बाहेर सोडायला जागा उरली नव्हती. रोलर जवळ आला तसे तिनं ते दोन्ही हातांनी उचलून आत घेतले.

"पाय आत घे," लांबू उगाचच म्हणाला.

"घेतलेत." तिनं मान वर करून विचारलं, "अजून किती यायचाय वर?"

"अजून दोन थर. मग डांबर."

"मग मी दिसेन का तुम्हाला?"

ती हसत म्हणाली होती. पण लांबूला हसू आलं नाही. त्यानं दारापुढून रोलर पुढं नेला, मागं आणला, परत पुढं नेला, आणि तो मुरूम असा काही दाबला की पुढच्या पिढ्यांनीही तो उकरू नये.

लांबूला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी राहिलं नव्हतं. खात्याच्या पगारपत्रकावर ते असेल तेवढंच. ताडमाड उंचीमुळं शाळेत पडलेलं नाव महापालिकेच्या रस्ते खात्यात आणि मग गल्लीतही त्याच्याआधी जाऊन पोचलं होतं. बायको अगदी बुटकी. ती त्याच्याशी भांडायची तेव्हा मान वर करून भांडायची, आणि मान दुखली की भांडण थांबायचं, असं शिवणवाली सांगायची.

आणि शिवणवाली बोलली त्यात खोटं काही नव्हतं. रस्ता लांबूनंच आणला होता.

समुद्र तसा दोन रस्ते पलीकडं होता, पण उधाणाच्या भरतीला तो गटारातून यायचा. आधी गटाराच्या जाळीवर बुडबुडे, मग काळं पाणी, मग दारातल्या चपला शेजाऱ्याच्या दारात. महिन्यातून दोनदा सगळी गल्ली सामान कॉटवर चढवून बसायची. महापालिकेनं सखल भागातले रस्ते उंच करायला आणि गटारांच्या तोंडांना झडपा बसवायला घेतलं, तेव्हा लांबूनं खात्याच्या साहेबांच्या मागं लागून लागून त्यांचं डोकं खाल्लं. शेजाऱ्यांना घेऊन गेला, शिवणवालीला बोलायला पुढं केलं. शेवटी काम मंजूर झालं. त्या दिवशी लांबू गल्लीत शिरला तो छाती काढून, आणि लोकांनी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला. खात्यातला माणूस आपल्या गल्लीत असला की कसं काम होतं, याची उदाहरणं दोन दिवस चालली.

मग मोजणीवाले आले आणि प्रत्येक भिंतीवर मांडीएवढ्या उंचीवर तांबडी रेघ मारून गेले. गल्लीला वाटलं, ही पाण्याची खूण. पाणी इथवर चढतं, याची नोंद करून गेले असणार. लांबूलाही तेच वाटलं. ज्या माणसानं जन्मभर तांबड्या रेघा बघून रोलर चालवला, त्याला आपल्या भिंतीवरची रेघ कळली नाही. शहरातल्या दुसऱ्या कुठल्याही भिंतीवर ती असती तर त्यानं दुरूनच सांगितलं असतं की इथं नवा रस्ता येणार. पण आपल्या घराकडं माणूस कामावरच्या डोळ्यांनी बघत नाही. अर्थ डोक्यात शिरला तेव्हा तो जेवत होता. घास तसाच ठेवून तो उठला आणि बाहेर जाऊन त्या रेघेला मांडी लावून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांपुढं जाऊन उभा राहिला.

"साहेब, गल्ली वर जाणार. घरं खालीच राहतील."

"तळमजल्यांचा तो प्रश्न आहेच," साहेब म्हणाले. "आतून भराव घालावा लागतो. सगळीकडं लोक तेच करतायत."

"आम्ही दोनदा घातलाय. आधीच्या दोन्ही वेळेला."

"मग आता तिसऱ्यांदा."

"वर छत आहे, साहेब."

साहेबांनी त्याच्याकडं पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. ते हसले नाहीत. त्यांनी समोरची खुर्ची दाखवली, पण लांबू बसला नाही.

"बायकोचे गुडघे गेलेत," तो म्हणाला. "सपाटीवर काठी घेऊन चालते, पण पायरी अजिबात चढत नाही. आमच्या गल्लीत थोडा कमी ठेवता नाही का यायचा?"

"ठेवतो. पण एक गल्ली खाली राहिली, तर चारी बाजूंचं पाणी तिथंच येईल. मग तुमच्याच गल्लीचं तळं होईल. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

साहेब उर्मट असते, काही खायला मागत असते, तर त्यांना शिव्या देत घरी जाता आलं असतं. पण माणूस खरं बोलत होता आणि त्याचाही नाइलाज होता. लांबू नुसताच "बरं" म्हणून परत आला.

मग त्यानं एकेक दार ठोठावून पाहिलं. खात्याच्या चाळीत एक खोली रिकामी होती, पण तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नव्हती. आपली विकून दुसरी घ्यावी, तर दलालानं खोली बघायलाही नकार दिला. खड्ड्यात कोण राहायला येणार? दारात उतार करावा असंही वाटलं. पण बाहेर गटार होतं आणि आतून उतार घेतला तर निम्मी खोली त्यातच जाणार. "आणि उरलेल्या निम्म्यात मी घसरत येणार," बायको म्हणाली. तिला अजून थट्टा सुचत होती.

रस्ता झाला. काळाभोर, गुळगुळीत, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा. लांबूनं आयुष्यात केलेल्या रस्त्यांत तो सगळ्यांत चांगला होता. पुढच्या उधाणाला लोक सवयीनं सामान वर चढवून बसले, आणि पाणी आलंच नाही. समुद्र मोठ्या रस्त्यापलीकडं झडपेवर डोकं आपटून परत गेला. बहुतेकांची छतं लांबूच्या छताहून उंच होती, आणि त्यांनी एव्हाना आपापल्या खोल्यांत भराव घातला होता. त्यांची डोकी छतापासून अजून वीतभर खाली होती, त्यामुळं त्यांचा राग उतरला. शिवणवाली तर स्वतःहून म्हणाली, "काही म्हणा लांबूभाऊ, काम झकास झालं."

लांबूच्या खोलीला मात्र आता दारातच चार पायऱ्या होत्या. त्या त्यानं स्वतः बांधल्या, जमतील तेवढ्या बुटक्या. बायकोनं पहिल्या दिवशी पहिलीवर पाय ठेवला, चौकट धरली, अंग वर ओढलं आणि "आई गं" म्हणून जागीच बसली. दुसऱ्या दिवशी लांबूनं आणि गल्लीतल्या दुकानदारानं मिळून तिला खुर्चीसकट उचललं. खुर्ची चौकटीत अडकली. दुकानदार म्हणाला, "जरा तिरकी घ्या," मग समोरून कुणी म्हणालं, "पाय सांभाळा, पाय." सगळी गल्ली थांबून बघत होती. वर पोचल्यावर तिनं पदर नीट केला, आणि पाचच मिनिटांत "मला खाली ठेवा" म्हणाली.

"पुन्हा मला असं उचलायचं नाही," घरात आल्यावर ती म्हणाली. "मी काय कपाट आहे?"

तिचं सगळं जग त्या उंबऱ्यावर होतं. सकाळी भाजी निवडत ती तिथं बसायची, संध्याकाळी काठी घेऊन शिवणवालीच्या दारापर्यंत जाऊन यायची. कुणाच्या घरात काय शिजलं, कुणाची सून माहेरी का गेली, हे गल्लीत तिच्याइतकं कुणाला ठाऊक नसायचं. आता दारातून बघितलं की येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पोटऱ्या दिसायच्या. लोक थांबायचे, वाकून "काय काकू, बरं आहे ना?" विचारायचे, आणि वाकून किती वेळ बोलणार म्हणून पुढं जायचे. हळूहळू तिनं बसायची जागा बदलली. दाराकडं पाठ करून ती ओट्याशी बसू लागली. लांबू कामावरून यायचा तेव्हा दिवा लावलेला नसायचा.

"दिवा का नाही लावलास?"

"लावून काय बघायचंय?"

लांबूला त्या दिवसांत बायकोकडं बघवत नसे. रस्त्याकडंही बघवत नसे, आणि त्याचं पोट तर रस्त्यावरच होतं.

लेक आली ती एका रविवारी, आणि पायऱ्या उतरतानाच तिनं ठरवलं असावं. तिच्या घराला लिफ्ट होती, खाली बाग होती, बसायला बाकं होती.

"आईला मी नेते, बाबा," ती म्हणाली. "ती इथं कुजतेय. तुमची नोकरी आहे, तुम्हाला येता येणार नाही, ते मला कळतं. आणि खरं सांगू, आमच्याकडं जागाही एकाचीच आहे. सासूबाई आहेत, मुलं आहेत."

"कायमची?" लांबूनं विचारलं.

"मग काय? पुन्हा आणून या खड्ड्यात ठेवायचं?"

लांबूनं बायकोकडं पाहिलं. त्याला वाटलं, ती नाही म्हणेल. चाळीस भांडणं झाली तरी ती कधी माहेरी गेली नव्हती. पण ती हातातला कांदा सोलत राहिली, आणि मान खालीच ठेवून म्हणाली, "जाते मी. माणसं तरी दिसतील."

"जा," लांबू म्हणाला. तिला अडवायला तोंड कुठं होतं?

"पुढच्या रविवारी गाडी घेऊन येते," लेक म्हणाली.

सोमवारी लांबू कामावर गेला नाही. तो गवंड्याकडं गेला आणि त्याला हाताला धरूनच घेऊन आला. गवंडी पायऱ्या उतरून खोलीच्या मध्ये उभा राहिला. वर छताकडं बघितलं, दारावरच्या तुळईकडं बघितलं, मग लांबूकडं बघितलं.

"रस्त्याच्या बरोबरीनं भरायची? लांबूभाऊ, तुमचं मस्तक ठेवायचं कुठं?"

"माझं सोड. हिचं माप घे." त्यानं बायकोला काठीसकट उठवून भिंतीशी उभं केलं. "हिच्या डोक्यावर चार बोटं मोकळी राहिली पाहिजेत. राहतात का बघ."

गवंड्यानं टेप लावला. "चार नाही, चांगली सहा राहतील. काकूंचं सगळं बसतंय. दारही तुळईपर्यंत नेलं तर त्यांना पुरेल."

"मग कर सुरू."

"थांबा," बायको म्हणाली. गवंडी टेप गुंडाळत बाहेर गेला. असल्या वेळी कधी बाहेर जायचं हे गवंड्यांना बरोबर कळतं. "हे काय डोक्यात घेतलंय तुम्ही? तुम्ही कसे राहणार इथं?"

"मी दिवसभर बाहेरच असतो. घरी येऊन काय करतो? बसतो, जेवतो, झोपतो. त्याला उंची कशाला लागते?"

"वेड लागलंय तुम्हाला. जन्मभर वाकून राहणार? मी आपली जाते लेकीकडं. तुम्ही तरी सरळ राहाल."

"एकटा सरळ उभा राहून काय करू मी?" लांबू म्हणाला.

तो मोठ्यानं बोलला नव्हता, पण आवाज फाटला. असलं बोलणं त्यांच्यात कधी झालेलं नव्हतं, लग्न नवं होतं तेव्हाही नाही. बायकोनं पदरानं नाक पुसलं.

"तुमचं टक्कल दिसेल सगळ्यांना," ती म्हणाली. "आजवर कुणाची नजर पोचत नव्हती म्हणून झाकून राहिलं होतं."

आठवडाभर खोलीत धूळ होती. उखडलेल्या जुन्या रस्त्याचा राडारोडा वॉर्डाच्या मैदानात पडला होता. मुकादमानं त्यातला दोन ट्रॉल्या भरून गल्लीत पाठवला आणि वर "काय राव तूपण" एवढंच म्हणाला. पसरलेल्या भरावावर लांबूनं स्वतः धुम्मस चालवलं. पहिल्या थराला तो उभा राहून ठोकत होता, दुसऱ्याला मान वाकवून, आणि शेवटच्याला गुडघ्यांवर बसून. गवंडी म्हणाला, "एवढं नका ठोकू, घरच आहे, यावरून ट्रक थोडेच जाणार?" पण कच्चा भराव ठेवणं लांबूच्या हातून होणारं नव्हतं. छताचा पंखा उतरवून भिंतीला छोटा पंखा लावला, कॉटचे पाय कापले, ओटा फोडून वर घेतला. खिडकीचा वरचा निम्मा भागच काय तो जमिनीच्या वर राहिला.

रविवारी लेक गाडी घेऊन आली, तेव्हा आई दाराबाहेर रस्त्यावर खुर्ची टाकून बसली होती. शिवणवाली, दुकानदाराची बायको, आणखी दोघीजणी भोवती उभ्या होत्या. लेक दारातून आत डोकावली. आत बाबा लादीवर मांडी घालून बसले होते.

"बाबा," ती म्हणाली, "हे घर आहे की पेटी?"

"पेटी म्हण. तुझ्या आईला पेटीतून बाहेर पडता येतंय ना? मग झालं."

"आणि तुमचं काय?"

"ये ना आत. बस. बसलं की काही कळत नाही बघ."

लेक आली, बसली, आणि रडली. मग चहा घेऊन एकटीच परत गेली.

सवय लागायला वेळ लागला. पहिले काही दिवस लांबूचं डोकं दिव्यावर, तुळईवर, भिंतीवरच्या पंख्यावर आपटायचं, आणि प्रत्येक वेळी बायको ओट्यापासून "अहो!" करायची. मग तिला ओरडावं लागेनासं झालं. सदरा घालताना हात वर जात नाहीत म्हणून तो दारात येऊन घालायचा. घरात पाणी प्यायला उठायचं तरी मान आधी खाली जायची, पाय मागून उठायचे. रात्री पाठ दुखायची. बायको तेल लावून द्यायची, आणि त्यावर दोघंही काही बोलत नसत.

बाकी तिचं छान चाललं होतं. ती पुन्हा भाजी घेऊन बाहेर बसू लागली. काठी घेऊन शिवणवालीकडं जाऊ लागली, मग दुकानापर्यंत, आणि नव्या रस्त्याला खाचखळगे नसल्यामुळं एक दिवस तर थेट गल्लीच्या तोंडापर्यंत. तिथं उभी राहून तिनं मोठा रस्ता पाहिला, त्यापलीकडची समुद्रापुढची भिंत पाहिली. आल्यावर लांबूला सांगितलं, "वारा काय सुटला होता हो." तो तिचं बोलणं ऐकत राहिला. तो खूश होता, आणि तसं म्हणालाही.

एका संध्याकाळी खुर्च्या टाकून बायका बसल्या होत्या. काहीतरी मोठी गंमत चालली असावी, कारण बायकोचं हसू गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येत होतं. लांबू कामावरून येत होता. पिशवी खांद्याला, डबा हातात. रस्ता मोकळा होता, वर आभाळच आभाळ होतं.

बायकोनं त्याला येताना पाहिलं आणि तिचं हसू मध्येच थांबलं. शिवणवाली काय झालं म्हणून वळून बघायच्या आत ती काठी घेऊन उठली आणि त्याला सामोरी गेली. जवळ जाऊन अगदी हळू, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली,

"अहो, इथं छत नाही."

लांबू थांबला. आपण मान खाली घालून, खांदे आवळून, पाठ वाकवून चालत आलो, हे त्याला कळायला एक क्षण लागला. कुठपासून असे चालत आलो, तेही आठवेना. मोठ्या रस्त्यावरून असेल, कदाचित खात्याच्या डेपोपासूनच.

"खरंच की," तो म्हणाला.

त्यानं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मणका कडकडला. तो सावकाश सरळ झाला, होता तेवढा सगळा, आणि बायकोला पुन्हा मान वर करून त्याच्याकडं बघावं लागलं. तिच्या चालीनं चालत ती दोघं दुकानावरून गेली, शिवणवालीच्या दारावरून गेली. मग त्यांचं दार आलं.